मॅटप्लॉटलिबमधील रंग

मॅटप्लॉटलिबमधील रंग म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेखनिर्मितीच्या लायब्ररीत रंग नोंदवण्याची, त्यांना नावे देण्याची आणि संख्यांवरून रंग तयार करण्याची व्यवस्था होय. या लायब्ररीत प्रत्येक रंग अखेरीस चार संख्यांच्या रूपात साठवला जातो. त्या चार संख्यांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग मात्र अनेक आहेत. वापरकर्ता रंगाचे नाव देऊ शकतो, त्याचे घटक अंकांत सांगू शकतो, किंवा मोजमापांची संपूर्ण सारणी देऊन प्रत्येक मोजमापाला शोभेल असा रंग निवडण्याचे काम लायब्ररीवर सोपवू शकतो. आलेख पाहणाऱ्याला संख्या दिसत नाहीत, केवळ रंग दिसतात. त्यामुळे संख्येचा रंग करण्याची रीत चुकली, तर आकडे अचूक असूनही वाचक चुकीचा निष्कर्ष काढू शकतो.

मॅटप्लॉटलिबमधील रंगांची नावे, फंक्शनची नावे व सांकेतिक अक्षरे प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये रोमन लिपीत लिहिली जातात. या लेखात ती देवनागरीत दिली आहेत.

पार्श्वभूमी

मॅटप्लॉटलिबची निर्मिती अमेरिकी मेंदूविज्ञान संशोधक जॉन डी. हंटर यांनी केली. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत संकेतांच्या नोंदी पडद्यावर पाहता याव्यात, ही त्यांची गरज होती. मॅटलॅब या व्यावसायिक प्रणालीतील आलेखपद्धती त्यांच्या परिचयाची होती. तिच्याच धर्तीवर, परंतु सर्वांना विनामूल्य वापरता येईल अशी ही लायब्ररी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. हंटर यांचे २०१२ मध्ये निधन झाले. त्यानंतर स्वयंसेवी विकासकांच्या गटाने लायब्ररीचे काम पुढे चालवले.

मॅटलॅबच्या वारशासोबत रंगांविषयीच्या काही सवयीही मॅटप्लॉटलिबमध्ये आल्या. एका अक्षराने रंग सांगण्याची पद्धत ही त्यांपैकी एक होय. जेट ही इंद्रधनुष्यासारखी रंगपट्टिका ही दुसरी. पहिली सवय आजही टिकून आहे. दुसरी २०१७ मध्ये मुख्य स्थानावरून हटवण्यात आली.

रंगाचे अंतर्गत स्वरूप

पडद्यावरील रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशघटकांच्या मिश्रणातून तयार होतो. मॅटप्लॉटलिबमध्ये यांपैकी प्रत्येक घटक ० ते १ या दरम्यानच्या दशांश अपूर्णांकाने दर्शवला जातो. तिन्ही घटक ० असल्यास काळा आणि तिन्ही १ असल्यास पांढरा रंग मिळतो. तिन्ही घटक समान असल्यास करडी छटा मिळते.

चौथी संख्या अपारदर्शकतेची असते. तिला अल्फा म्हणतात. अल्फा १ असल्यास रंग पूर्णपणे अपारदर्शक असतो, तर ० असल्यास तो अदृश्य असतो. मधल्या मूल्यांसाठी वरचा रंग अल्फाच्या प्रमाणात आणि खालचा रंग उरलेल्या प्रमाणात घेऊन दोहोंची बेरीज केली जाते. उदाहरणार्थ, पांढऱ्या पृष्ठभागावर ०.५ अल्फा असलेला शुद्ध लाल रंग काढल्यास लाल घटक १ राहतो आणि हिरवा व निळा हे घटक प्रत्येकी ०.५ होतात, म्हणजे डोळ्यांना गुलाबी रंग दिसतो. एकमेकांवर येणारे दोन अर्धपारदर्शक रंग कोणत्या क्रमाने काढले, यावरही अंतिम रंग अवलंबून असतो.

इतर अनेक संगणकीय पद्धतींमध्ये हेच घटक ० ते २५५ या पूर्णांकांत मोजले जातात. त्या मोजणीत तीन घटकांपासून १,६७,७७,२१६ वेगवेगळे रंग होतात. या दोन मापनपद्धतींची सरमिसळ हे नवशिक्या वापरकर्त्यांच्या अडचणींचे नेहमीचे कारण आहे. रेषेचा रंग म्हणून २५५, ०, ० असे घटक दिल्यास मॅटप्लॉटलिब ते नाकारते आणि मूल्ये ० ते १ या मर्यादेत हवीत असा त्रुटीसंदेश देते. छायाचित्राच्या बाबतीत मात्र ० ते २५५ हे पूर्णांक स्वीकारले जातात. तेच अंक दशांश अपूर्णांकांच्या प्रकारात साठवलेले असतील, तर १ पेक्षा मोठे प्रत्येक मूल्य १ मानले जाते. परिणामी संपूर्ण छायाचित्र जवळजवळ पांढरे दिसते.

रंग सांगण्याच्या पद्धती

घटकांची यादी: तीन किंवा चार दशांश संख्या क्रमाने देणे ही सर्वांत थेट पद्धत होय. तीनच संख्या दिल्यास अल्फा १ धरला जातो.

षोडशमान संकेत: यात # या चिन्हापुढे सहा अंक लिहिले जातात व प्रत्येक घटकासाठी दोन अंक असतात. षोडशमान पद्धतीत ० ते ९ या अंकांनंतर १० ते १५ या संख्यांसाठी ए ते एफ ही अक्षरे वापरतात. उदाहरणार्थ, #१एफ७७बी४ या संकेतातील पहिली जोडी १एफ म्हणजे १६ अधिक १५, अर्थात ३१. दुसरी जोडी ७७ म्हणजे ११२ अधिक ७, अर्थात ११९. तिसरी जोडी बी४ म्हणजे १७६ अधिक ४, अर्थात १८०. या संख्यांना २५५ ने भागले असता अनुक्रमे सुमारे ०.१२, ०.४७ आणि ०.७१ हे घटक मिळतात. मॅटप्लॉटलिबच्या आलेखातील पहिल्या रेषेला आपोआप मिळणारा निळा रंग तो हाच. संकेतात आणखी दोन अंक जोडून अल्फाही सांगता येतो.

करड्या छटा: अवतरणचिन्हांत ० ते १ मधील एकच संख्या लिहिल्यास ती करडी छटा मानली जाते. ०.८ ही फिकट, तर ०.२ ही गडद करडी छटा होय. येथे अवतरणचिन्हे आवश्यक आहेत. त्यांच्याविना दिलेली नुसती संख्या रंग म्हणून स्वीकारली जात नाही.

एकाक्षरी संकेत: निळा, हिरवा, लाल, आकाशी, किरमिजी, पिवळा, काळा आणि पांढरा या आठ रंगांसाठी प्रत्येकी एक रोमन अक्षर ठरलेले आहे. काळ्यासाठी के हे अक्षर आहे, कारण बी हे निळ्यासाठी वापरलेले आहे. ही अक्षरे पूर्ण नावांची संक्षिप्त रूपे वाटली, तरी दोहोंचे रंग सर्वत्र एकच नाहीत. सी या अक्षराने मिळणाऱ्या रंगात हिरवा आणि निळा हे घटक प्रत्येकी ०.७५ असतात, तर सायन या पूर्ण नावाने मिळणाऱ्या रंगात ते प्रत्येकी १ असतात. पांढऱ्या कागदावर ठळक दिसावेत यासाठी एकाक्षरी आकाशी, किरमिजी व पिवळा हे रंग मुद्दाम गडद ठेवलेले आहेत.

क्रमवाचक संकेत: सी० ते सी९ या संकेतांनी चालू रंगक्रमातील त्या त्या स्थानावरील रंग मिळतो. वापरकर्त्याने संपूर्ण आलेखाची शैली बदलल्यास रंगक्रमही बदलतो आणि या संकेतांचा अर्थही त्यासोबत बदलतो. संकेताचे चार संख्यांत रूपांतर लायब्ररी स्वतःच करते.

रंगांची नावे

मॅटप्लॉटलिबमध्ये नावांचे तीन मोठे संच आहेत.

पहिला संच वेबपृष्ठांच्या सजावटीसाठी वापरल्या जाणाऱ्या सीएसएस या मानकातून घेतलेला असून त्यात १४८ नावे आहेत. त्यांतील बहुतेक नावे एक्स११ या जुन्या संगणकीय प्रणालीतून आली. वेगवेगळ्या परंपरांतील नावे एकत्र आल्यामुळे या संचात काही विसंगती राहून गेल्या. ग्रे या नावाचे तिन्ही घटक १२८ आहेत, तर डार्कग्रे या नावाचे १६९. म्हणजे ज्याच्या नावात गडद हा शब्द आहे, तो करडा रंग प्रत्यक्षात साध्या करड्यापेक्षा फिकट आहे. साधा करडा वेबच्या परंपरेतून आणि गडद करडा एक्स११ मधून आल्याने असे घडले.

याच संचातील रेबेकापर्पल या नावामागे एका मुलीची स्मृती आहे. सीएसएसचे तज्ज्ञ एरिक मेयर यांची कन्या रेबेका हिचे जून २०१४ मध्ये, तिच्या सहाव्या वाढदिवशी, मेंदूच्या कर्करोगाने निधन झाले. जांभळा हा तिचा आवडता रंग होता. वेबक्षेत्रातील सहकाऱ्यांच्या पुढाकाराने #६६३३९९ या रंगाला तिचे नाव देण्यात आले. सहा वर्षांची झाल्यावर आपल्याला लाडक्या नावाने नव्हे तर रेबेका या पूर्ण नावानेच हाक मारावी, अशी तिची इच्छा होती. त्यामुळे मानकात पूर्ण नाव घेतले गेले. या रंगाचे घटक १०२, ५१ आणि १५३ आहेत. सीएसएसची नावे स्वीकारणाऱ्या इतर साधनांप्रमाणे मॅटप्लॉटलिबमध्येही हे नाव चालते.

दुसरा संच एक्सकेसीडी या चित्रमालिकेचे कर्ते रँडल मन्रो यांनी २०१० मध्ये केलेल्या पाहणीतून आला. या पाहणीत लोकांना पडद्यावर रंग दाखवून त्याचे नाव विचारले गेले. ही प्रश्नावली दोन लाखांहून अधिक वेळा भरली गेली. तिच्यातून निघालेली सुमारे साडेनऊशे नावे मॅटप्लॉटलिबमध्ये एक्सकेसीडी हा उपसर्ग लावून वापरता येतात. उपसर्ग लावण्याचे कारण नावांची टक्कर हे आहे. सीएसएसच्या १४८ नावांपैकी ९५ नावे या पाहणीतही आढळतात. परंतु काळा, पांढरा आणि सायन एवढी तीन सोडली, तर उरलेल्या प्रत्येक नावाचा रंग दोन्ही संचांत भिन्न आहे. मानकातील निळा हा केवळ निळ्या घटकाचा बनलेला आहे. लोकांनी ज्याला निळा म्हटले त्या रंगाचे घटक ३, ६७ आणि २२३ आहेत. मानकाने ठरवलेले नाव आणि बोलीतील नाव यांतील अंतर या तुलनेतून स्पष्ट होते.

तिसरा संच टॅबलो या आलेखप्रणालीतील दहा रंगांचा असून त्यातील नावांना टॅब हा उपसर्ग लागतो. आलेखातील रेषांना आपोआप दिले जाणारे रंग २०१७ पासून याच संचातील आहेत.

तिन्ही संचांतील नावे इंग्रजी आहेत. मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, अबोली किंवा राखाडी अशी नावे लायब्ररीला ठाऊक नाहीत. पायथनमध्ये देवनागरी मजकूर वापरता येत असल्यामुळे वापरकर्ता अशा नावांचा व त्यांच्या संकेतांचा स्वतःचा कोश तयार करून त्यातून रंग घेऊ शकतो.

रूपांतरासाठीची फंक्शन

रंगविषयक काम कलर्स या उपविभागात होते. टू-आरजीबीए हे फंक्शन वरीलपैकी कोणत्याही पद्धतीने सांगितलेल्या रंगाचे चार संख्यांत रूपांतर करते, तर टू-हेक्स हे फंक्शन त्याचा षोडशमान संकेत देते. इज-कलर-लाइक हे फंक्शन दिलेला मजकूर रंग म्हणून वाचता येतो की नाही एवढेच सांगते. लाल, हिरवा व निळा या घटकांचे रंगछटा, संपृक्तता व मूल्य या घटकांत आणि तेथून पुन्हा मूळ घटकांत रूपांतर करण्याचीही सोय आहे. एकाच छटेचे फिकट व गडद प्रकार तयार करताना ती उपयोगी पडते.

संख्यांपासून रंग

तापमान, पाऊस, उंची किंवा रक्तदाब यांसारखी मोजमापे रंगांनी दाखवताना प्रत्येक मोजमापासाठी रंग निवडावा लागतो. मॅटप्लॉटलिब हे काम दोन टप्प्यांत करते.

पहिल्या टप्प्याला प्रमाणीकरण म्हणतात. यात सर्वांत लहान मूल्य ० वर, सर्वांत मोठे मूल्य १ वर आणि मधली मूल्ये त्यांच्या दरम्यान प्रमाणात बसवली जातात. मूल्यांची व्याप्ती फार मोठी असल्यास लॉगॅरिदमी प्रमाणीकरण वापरता येते. मूल्ये ठरावीक गटांत विभागायची असल्यास सीमा सांगता येतात. विशिष्ट मध्यबिंदूच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रमाणात मोजण्याचीही सोय आहे.

दुसऱ्या टप्प्यात ० ते १ मधील त्या मूल्याला रंगपट्टिकेतील रंग दिला जातो. बहुतेक रंगपट्टिका या २५६ रंगांच्या क्रमवार याद्या असतात. मर्यादेबाहेरील मूल्यांना, वेगळे काही सांगितले नसल्यास, टोकाचे रंग मिळतात. नोंद नसलेल्या मूल्याचा रंग पूर्णपणे पारदर्शक असतो. हा तपशील किरकोळ वाटला, तरी त्यातून गैरसमज होऊ शकतो. समजा, पावसाची सरासरीपासूनची तफावत लाल ते निळ्या पट्टिकेने दाखवली असून तिच्या मध्यावर जवळजवळ पांढरा रंग आहे. ज्या जिल्ह्याची नोंदच उपलब्ध नाही, तो जिल्हा पांढऱ्या कागदावर पांढराच दिसेल आणि तेथे सरासरीइतका पाऊस झाला असा वाचकाचा समज होईल. हे टाळण्यासाठी सेट-बॅड या पद्धतीने अनुपलब्ध नोंदींना करड्यासारखा वेगळा रंग देता येतो.

विखुरलेल्या बिंदूंच्या आलेखात आणखी एक संदिग्धता आढळते. सी या घटकाला तीन संख्यांची यादी दिली आणि बिंदूही तीनच असले, तर ती यादी एका रंगाचे तीन घटक आहेत की तीन बिंदूंची तीन मोजमापे, हे ओळखणे अशक्य असते. लायब्ररी ती मोजमापे मानते. सर्व बिंदूंना एकच रंग द्यायचा असल्यास कलर हा स्वतंत्र घटक वापरण्याचा सल्ला दिला जातो.

रंगपट्टिकांचे प्रकार

मॅटप्लॉटलिबमधील रंगपट्टिका पुढील प्रमुख प्रकारांत मोडतात. क्रमिक पट्टिका कमी ते जास्त अशा राशींसाठी, उदाहरणार्थ एकूण पर्जन्यमानासाठी, असतात. विभाजक पट्टिका सरासरी किंवा शून्य अशा मध्यबिंदूपासूनच्या तफावतीसाठी असतात. चक्रीय पट्टिकांची दोन्ही टोके एकाच रंगाची असल्यामुळे वाऱ्याची दिशा किंवा दिवसाची वेळ यांसारख्या, फिरून मूळ जागी येणाऱ्या राशींसाठी त्या योग्य ठरतात. गुणात्मक पट्टिकांत लहानमोठेपणा नसतो. पिकांचे प्रकार किंवा भाषा अशा वर्गांसाठी त्या वापरतात. यांतील बऱ्याच पट्टिका नकाशाशास्त्रज्ञ सिंथिया ब्रूअर यांच्या कलरब्रूअर या संग्रहातून घेतलेल्या आहेत. कोणत्याही पट्टिकेच्या नावापुढे अधोरेखा आणि आर हे अक्षर जोडल्यास तिचा क्रम उलटा होतो.

नवी पट्टिका दोन प्रकारे तयार करता येते. सर्व रंग स्वतः सांगायचे असल्यास लिस्टेड-कलरमॅप वापरतात. काही मोजके रंग देऊन मधले रंग लायब्ररीकडून भरून घ्यायचे असल्यास लिनिअर-सेगमेंटेड-कलरमॅप वापरतात. दुसऱ्या प्रकारात मधले रंग लाल, हिरव्या व निळ्या घटकांच्या सरळ प्रमाणाने काढले जातात. अशा रंगांतील गणिती अंतर सारखे असले, तरी डोळ्यांना ते सारखे जाणवेलच असे नाही.

जेट ते व्हिरिडिस

आरंभापासून २०१७ पर्यंत जेट ही मॅटप्लॉटलिबची मूलभूत रंगपट्टिका होती. वापरकर्त्याने काहीही न सांगितल्यास तिचाच वापर होई, त्यामुळे असंख्य शोधनिबंधांतील आकृत्या तिच्यात छापल्या गेल्या. ती गडद निळ्यापासून सुरू होऊन आकाशी व पिवळ्या रंगांवरून गडद लाल रंगापर्यंत जाते.

जेटवरील मुख्य आक्षेप उजळपणाविषयी आहे. मानवी डोळा लहानमोठेपणाचा अंदाज रंगछटेपेक्षा उजळपणावरून अधिक सहजपणे घेतो. जेटचा उजळपणा मात्र आधी वाढतो आणि नंतर घटतो. आकाशी व पिवळ्या पट्ट्यांजवळ मूल्यांत मोठा फरक नसतानाही तेथे ठळक सीमारेषा असल्याचा भास होतो. काळ्यापांढऱ्या छपाईत सर्वांत कमी आणि सर्वांत अधिक मूल्ये सारखीच गडद दिसतात. लाल व हिरवा यांत गल्लत होणाऱ्या रंगांध वाचकांना तर पट्टिकेचा मोठा भाग वाचताच येत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का व्यक्तींना अशा स्वरूपाचे रंगांधत्व असते.

या आक्षेपांचे व्यावहारिक महत्त्व २०११ मध्ये मिशेल बॉर्किन व त्यांच्या हार्वर्ड विद्यापीठातील सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढे आले. हृदयाच्या रोहिण्यांतील रोगप्रवण भाग चित्रांवरून ओळखण्याचे काम वैद्यकीय विद्यार्थ्यांना देण्यात आले होते. सपाट चित्रांत इंद्रधनुषी पट्टिका असताना असे ६२ टक्के भाग ओळखले गेले, तर विभाजक पट्टिका वापरल्यावर हे प्रमाण ९१ टक्के झाले. मोजमापे तीच होती. बदल केवळ रंगांत झाला होता.

मॅटलॅबने २०१४ मध्ये जेटऐवजी परुला ही पट्टिका स्वीकारली. तिच्यावर मॅटलॅबच्या निर्मात्यांचा स्वामित्वहक्क असल्याने मॅटप्लॉटलिबला स्वतःची पट्टिका शोधणे भाग होते. नॅथॅनिएल स्मिथ आणि स्टेफान व्हॅन डर वॉल्ट यांनी हे काम हाती घेतले. शेजारच्या कोणत्याही दोन रंगांतील अंतर डोळ्यांना समान जाणवावे, उजळपणा एकाच दिशेने वाढावा, काळ्यापांढऱ्या छपाईत क्रम टिकावा आणि रंगांध व्यक्तींनाही पट्टिका वाचता यावी, अशी उद्दिष्टे ठरवण्यात आली. मानवी दृष्टीच्या गणिती प्रतिमानाच्या आधारे मॅग्मा, इन्फर्नो, प्लाझ्मा आणि व्हिरिडिस या पट्टिका तयार झाल्या. व्हिरिडिसच्या निर्मितीत एरिक फायरिंग यांचाही सहभाग होता. अखेरीस तिचीच निवड झाली. २०१५ मध्ये या पट्टिका लायब्ररीत समाविष्ट झाल्या आणि जानेवारी २०१७ मधील २.० या आवृत्तीपासून व्हिरिडिस मूलभूत पट्टिका बनली.

व्हिरिडिस या लॅटिन शब्दाचा अर्थ हिरवा असा आहे. ही पट्टिका गडद जांभळ्यापासून निळ्या व हिरव्या छटांमधून पिवळ्यापर्यंत जाते. तिचे संकेत सार्वजनिक वापरासाठी पूर्णपणे खुले ठेवले गेले, त्यामुळे इतर अनेक लायब्रऱ्या व प्रोग्रॅमिंग भाषांनीही ती स्वीकारली. पुढे रंगांध व इतर वाचकांना शक्य तितकी सारखीच दिसावी या हेतूने तिच्यावरून सिव्हिडिस ही पट्टिका तयार झाली. तिचा समावेश २०१८ मध्ये करण्यात आला.

जेट लायब्ररीतून काढून टाकलेली नाही. जुने आलेख पुन्हा तयार करता यावेत म्हणून ती नावाने मागितल्यास आजही मिळते.

सुलभता

केवळ रंगावर अवलंबून राहू नये, असा संकेत आलेखनिर्मितीत पाळला जातो. मॅटप्लॉटलिबमध्ये रंगाच्या जोडीला रेषेचा प्रकार, बिंदूचा आकार आणि स्तंभातील रेघांची नक्षी बदलता येते. रंगांध वाचकांसाठी निवडलेल्या रंगक्रमांच्या तयार शैलीही उपलब्ध आहेत. मोजमापे रंगांनी दाखवलेल्या आलेखाशेजारी कलरबार, म्हणजे रंग आणि मूल्य यांचा संबंध सांगणारी पट्टी, जोडता येते. ती नसल्यास वाचकाला रंगावरून मूळ संख्येपर्यंत परत जाता येत नाही.

हेसुद्धा पहा

पायथन (प्रोग्रॅमिंग भाषा)
रंगांधत्व
षोडशमान पद्धती
सीएसएस
नकाशाशास्त्र